काचेवरचा वारा

अमिषाने पेटती उदबत्ती डॅशबोर्डच्या पोटात सरकवली आणि श्वास रोखून धरला. धूर आधी सरळ वर गेला, जरा घुटमळला, आणि मग एकाएकी वळून एका काळ्या रबरी नळीकडे ओढला जाऊ लागला. इंजिन चालू होतं, एसीचा पंखा बंद होता, काचा वर होत्या. धुराला वळायला दुसरं काहीच कारण नव्हतं.

ती स्टिअरिंगखाली उताणी पडली होती; पाय दाराबाहेर, डोकं ब्रेकच्या पायडलशी. तिने उदबत्ती विझवली, बारकी बॅटरी दातांत धरली आणि दोन्ही हात वर घालून नळी चाचपली. बोटाला चीर लागली. ही नळी तिने कालच बसवली होती. पनवेलहून येताना नवी कोरी आणलेली.

"गावली काय?" बाहेरून तिच्या बापाने, काळूरामने विचारलं.

"गावली," ती म्हणाली.

रबर वाळून तडकलं तर भेगांचं बारीक जाळं दिसतं. घासलं तर एका अंगाने झिजतं. उंदराने कुरतडलं तर दातांचे ओरखडे राहतात. हे ह्यातलं काहीच नव्हतं. नळी एका दाबात कापलेली होती, तीही अर्धीच, वरवर बघणाऱ्याला दिसू नये अशी. पनवेलच्या गॅरेजात अमिषाचा दिवस गाड्यांचे एसी उघडण्यातच जायचा, त्यामुळे तिने पुष्कळ काही पाहिलं होतं. पण आपल्याच अंगणात उभ्या असलेल्या गाडीतली, आपणच काल लावलेली नळी कोणीतरी जाणूनबुजून कापावी, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ती तशीच पडून राहिली. उठून बाहेर गेलं की कोणाच्या तोंडाकडे बघायचं, हेच तिला कळेना.

गाडी तरी साधीसुधी नव्हती. चालतंफिरतं घरच होतं ते. कुणा सिनेमावाल्याने कधीकाळी अमेरिकेतून आणलेलं, स्टिअरिंग मुंबईत डावीकडून उजवीकडे आणवून घेतलेलं, मग नटनट्यांना शूटिंगच्या मध्ये बसायला म्हणून वापरलेलं, आणि शेवटी भिवंडीच्या एका आवारात गवतात पडलेलं. काळूराम म्हात्रेने ट्रकचा धंदा मुलाच्या, निकेतच्या हाती सोपवला आणि ही गाडी धरमतरच्या खाडीकाठच्या आपल्या गावात आणून उभी केली. लोकांनी तोंडात बोटं घातली. म्हातारपणी काळूरामने हत्ती पाळला, असं मिठागरावरची माणसं त्याच्या तोंडावर म्हणायची, आणि तोही हसून घ्यायचा.

हत्ती पाळला होता तो बायकोसाठी. काळूरामने सारी उमर ट्रक चालवला. गुजरात झालं, केरळ झालं, कुठे कुठे गेला. परत आला की जेवता जेवता तो येसूबाईला रस्ते सांगायचा, आणि ती त्याच्या ताटात वाढत वाढत ऐकायची. ट्रकच्या डाव्या सीटवर क्लीनर बसायचा. बायकोला तिथे बसवायची पद्धत नव्हती. "धंद्यातून उठलो का तुला बाजूला बसवून नेईन," असं त्याने कबूल केलं होतं. येसूबाईने त्यावर कधी एक अक्षर काढलं नाही, पण ते विसरलीही नाही.

पहिला मुक्काम दिवेआगरला ठरला होता, तिच्या धाकट्या बहिणीकडे. वादळाच्या साली नलूची सुपारीची वाडी आडवी झाली, तेव्हा येसूबाईला जाता आलं नाही. मग तिच्याच छातीचं ऑपरेशन झालं. मग हे, मग ते. बहिणीच्या पडत्या काळात आपण तिच्या दारात उभ्या राहिलो नाही, हे येसूबाईला फार लागलं होतं. यंदा नलूच्या नव्या झाडांना पहिली सुपारी धरली आणि तिने त्यातली पिशवीभर गावाकडे येणाऱ्या एसटीत कुणाच्या तरी हाती पाठवली. तेव्हापासून येसूबाई रोज एकेक वस्तू बॅगेत टाकत होती. गुरुवारी निघायचं होतं.

अट एकच होती आणि ती अमिषाने घातली होती. एसी चालल्याशिवाय आई गाडीत बसणार नाही. वैशाखातला उकाडा, त्यात ऑपरेशन झालेली छाती. डॉक्टरांनीही उन्हाचं बजावून सांगितलं होतं. आणि एसी असा, की हवा गार करायचा, रग्गड गार करायचा, पण ती सगळी हवा पुढच्या काचेवर जायची. काचेला हुडहुडी आणि माणसं घामाघूम. ह्या जुन्या गाड्यांत वाऱ्याची दिशा बदलणाऱ्या झडपा विजेवर फिरत नाहीत. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीतला थोडा भाग बारीक नळ्यांनी डॅशबोर्डमागे आणलेला असतो, आणि त्या ओढीने झडपा फिरतात. नळीला कुठे भोक पडलं की ओढ मरते, आणि झडपा आपोआप काचेच्या बाजूला पडतात. बनवणाऱ्याने विचार करूनच तसं केलं होतं. बाकी काही चालो न चालो, चालवणाऱ्याला समोरचं दिसलं पाहिजे.

अमिषा सुट्टी घेऊन आली ती ह्याचसाठी. स्टिअरिंग हलवताना मुंबईच्या मिस्त्रीने नळ्या जिथे दुमडल्या होत्या तिथे त्या वाळून फुटल्या होत्या, त्या तिने बदलल्या. ओढ साठवून ठेवणारा प्लास्टिकचा गोळा तडकला होता, तोही बदलला. काल संध्याकाळी समोरच्या जाळीतून वारा भसाभस अंगावर आला, तेव्हा आई नुसती हसत उभी राहिली होती. आणि आज सकाळी वारा परत काचेवर.

अमिषाने कापलेला तुकडा काढून खिशात घातला आणि ती जेवायला घरात गेली.

कोळंबीचं कालवण होतं, तांदळाची भाकरी होती, आणि ताटात डावीकडे जवळ्याची चटणी. काळूरामला ह्या चटणीशिवाय घास उतरत नाही, हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं. आज मात्र त्याने भाकरी संपवली, कालवण संपवलं, आणि चटणीला बोटसुद्धा लावलं नाही. येसूबाई भात घेऊन आली. भात वाढता वाढता तिने त्याचं ताट सहज अर्धं फिरवलं. चटणी उजवीकडे आली, आणि काळूरामने ती लगेच भाताशी कालवायला घेतली.

'अजून किती लाड करते,' अमिषाच्या मनात आलं. तिचं लक्ष खिशातल्या तुकड्याकडे होतं.

"परत गळतंय," ती म्हणाली. "नळी गेली. दुपारी बदलते."

"ऱ्हाव दे गो," काळूराम म्हणाला. "जुनी गाडी हाय, चालायचंच. सुट्टी काढून आलीस तर जरा निज."

"गुरुवारी निघायचंय ना पप्पा?"

"गुरुवार काय पलून जातंय? पुढच्या आठवड्यात बी येनार हाय तो."

येसूबाईने मान वर केली नाही. ती भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती, आणि झाकण ठेवायला तिला बराच वेळ लागला.

काळूराम हात धुऊन ओट्यावर आडवा झाला. दिवाळीनंतर एकदा चक्कर येऊन तो ह्याच ओट्यावर बसकण मारून बसला होता. पित्त झालं म्हणून लिंबूपाणी घेतलं, दुसऱ्या दिवशी बरा झाला, आणि घरात सगळ्यांनी ती गोष्ट सोडून दिली. तेव्हापासून दुपारची झोप मात्र लागली होती. अमिषा न्हाणीजवळच्या उजेडात गेली आणि तिने तुकडा नीट पाहिला. चिरेची एक कड सरळ होती. दुसरी किंचित गोलाकार, आत चेपलेली. ही खूण तिने कुठेतरी पाहिली होती, पुष्कळदा पाहिली होती, आणि कुठे ते तिला आता आठवलं.

सुपारीच्या खांडाला अशीच कड असते.

स्वयंपाकघरात येसूबाई पानाचा डबा पुढे घेऊन बसली होती. ती स्वतः पान खात नाही, ऑपरेशननंतर सोडलं. पण आल्यागेल्यासाठी सुपारी कातरून ठेवते. नलूने पाठवलेली सुपारी होती. अमिषाने डब्यातला अडकित्ता उचलला. पितळी मुठीचा, लहानपणी ज्याला हात लावला म्हणून धपाटे खाल्ले होते तोच. पात्याच्या आतल्या अंगाला काळी रेघ होती. तिने नखाने खरवडली. रबर.

सगळं गाव म्हणत होतं, म्हातारा बायकोच्या हौसेपायी वेडा झालाय. आणि बायको ही अशी, पाठीमागे नळ्या कापते?

"आई," ती म्हणाली, "तुला जायचं नाहीये का?"

येसूबाईने वर पाहिलं.

"भीती वाटत असेल तर तसं सांग ना. मी बोलते पप्पांशी. पण हे काय?" तिने तुकडा आणि अडकित्ता आईसमोर धरला.

येसूबाईने आधी लेकीकडे पाहिलं, मग अडकित्त्याकडे. तिचा चेहरा असा उतरला की अमिषाला आपले शब्द परत गिळावेसे वाटले. आईने तिच्या हातातून अडकित्ता घेतला आणि पात्यावरची काळी रेघ पदराने पुसली, सावकाश, कोपऱ्यातलीसुद्धा.

"मना जायचं न्हाय?" ती म्हणाली. "त्या खोलीत जाऊन बॅग बघ माझी. नलूसाठी लुगडं घेतलंय. तिच्या नातवाच्या पायात घालाया चांदीचा वाला घेतलाय. मी न्हाय जायचं बोलेन?"

"मग कोणी कापली?"

"तू जोडतेस ना? जोड. झालं तर."

"आई, घरात तुम्ही दोघंच आहात."

येसूबाई सुपारी कातरू लागली.

"गाडी फिरवून बघशील तवा मी बी येनार," ती शेवटी म्हणाली. "त्यांच्या बाजूला मीच बसनार. माझ्याबिगर त्यांना चालवाया देऊ नको."

हौसेला मोल नाही म्हणतात, ते हेच, असं अमिषाला वाटलं. आणि मग उरलेल्या एकाच माणसाचा विचार तिच्या मनात आला, आणि तिने तो झटकून टाकला. पप्पांनी? रोज पहाटे उठून गाडीला फडकं मारणाऱ्या माणसाने? ही गाडी आणली त्या दिवशी ज्याने आनंदाने डोळे पुसले होते, त्याने? ते तिच्या डोक्यात शिरेचना.

तिने नळी बदलली. हातपंप लावून ओढ दिली. काटा चढला आणि चढलेला राहिला. उदबत्ती लावली, धूर सरळ वर गेला. पंखा सोडला, आणि समोरच्या जाळ्यांतून गार वाऱ्याचा झोत तिच्या तोंडावर आला. चार वाजून गेले असतील, उन्हं कलायला लागली होती. तिने हाक मारली.

"पप्पा, चला. हमरस्त्यापर्यंत एक फेरी मारून येऊ. झालं एकदाचं."

काळूराम ओट्यावर उठून बसला. "आता? पेट्रोल कमी हाय त्यात."

"भरलंय मी."

"ऊन हाय."

"एसी आहे."

"टायरात हवा—"

"बघितली."

काळूरामने डोक्यावरून हात फिरवला. तेवढ्यात येसूबाई बाहेर आली. तिने नवं पातळ नेसलं होतं, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता. हमरस्त्यापर्यंतच जायचं होतं, पण ती निघाली होती जणू दिवेआगरलाच. काळूरामने तिच्याकडे पाहिलं, आणि मग तो उठला आणि त्याने चप्पल पायात घातली.

अमिषा दोघांच्या मागे, सोफ्याच्या कडेला बसली. काळूरामने गाडी अंगणातून बाहेर काढली, हळू, अगदी बैलगाडीच्या चालीने. येसूबाई डाव्या सीटवर ताठ बसली होती आणि तिचं तोंड एकसारखं चाललं होतं.

"शेजारच्या कोकिलेनं बघा, कपड्यांची दोरी पार रस्त्यावर आनलीय."

काळूरामने गाडी किंचित उजवीकडे घेतली.

"बाबाजीचा टेम्पो ह्यो. आडवाच लावलाय मेल्यानं."

गाडी आणखी उजवीकडे.

"म्हशी आल्या, म्हशी. ह्या अंगाला. जाऊ द्या त्यांना."

गाडी थांबली. म्हशी गेल्या. अमिषाला हसू आलं. जन्मभर ज्याने रस्ते सांगितले त्याला आज ही रस्ता सांगत होती, आणि तोही मुकाट्याने ऐकत होता. इतकं बोलताना तिने आईला कधी पाहिलं नव्हतं. सकाळपासूनचा तिच्या मनातला गाळ जरा खाली बसला.

गाव संपलं आणि गाडी मिठागराच्या बांधावर चढली. रस्ता अरुंद, डावीकडे आगरातलं साठलेलं पाणी आणि मिठाचे पांढरे ढीग, उजवीकडे खारफुटीचं खाजण. एसी आता चांगलाच गार झाला होता. येसूबाईने जाळीसमोर हात धरला. मग दुसरा धरला. मग तिने मान मागे टेकली, गळ्यावर वारा घेतला आणि डोळे मिटले. किती दिवसांनी तिच्या जिवाला थंडावा मिळाला असेल. ती बोलायची थांबली.

अमिषाला पुढे रस्त्याच्या डाव्या कडेने सायकल दिसली. पाठमोरा माणूस, कॅरिअरला बांधलेली टोपली; भागोजी, आगरावरचा. तो सावकाश पायडल मारत होता. गाडी त्याच्यामागे जात होती. अमिषा बघत होती. आता पप्पा जरा उजवीकडे घेतील. आता घेतील. ज्याने घाटाघाटातून ट्रक नेले, त्याला काय सांगायचं?

काळूराम सरळ समोर बघत होता. स्टिअरिंग हललं नाही.

"पप्पा—" ती म्हणाली.

ठक्क असा आवाज झाला. डावा आरसा दुमडून काचेवर आपटला, सायकल, टोपली आणि माणूस एकदमच बांधावरून दिसेनासे झाले. काळूरामने आवाजावर ब्रेक दाबला. येसूबाईने डोळे उघडले आणि तोंडावर हात दाबून धरला.

"काय झालं?" काळूराम म्हणाला. त्याने उजवीकडे पाहिलं. समोर पाहिलं. "काय लागलं? कोन व्हतं?"

अमिषा दार उघडून पळत सुटली. बांधाखाली भागोजी आगराच्या चिखलात बसला होता, कमरेपर्यंत खाऱ्या पाण्यात. कोपर सोलवटलं होतं. टोपलीतले निवटे मासे चिखलात उड्या मारत निघाले होते.

"भागोजीकाका! लागलं का कुठे?"

"न्हाय, न्हाय. मीठ हाय, आपोआप भरंल." तो धडपडत उठला. काळूराम तोवर बांधावर येऊन उभा राहिला होता. "काय काळूदादा, उडवायचं व्हतं तर ट्रकनं तरी उडवायचं. सिनेमाच्या गाडीनं उडवलं तर मानूस मरून बी लाजंल."

तो स्वतःच हसला. मग त्याचं लक्ष काळूरामच्या तोंडाकडे गेलं आणि त्याचं हसू विरलं.

"मी घंटी वाजवली रे दादा," तो हळू म्हणाला. "तुझ्या समोरच व्हतो."

काळूरामने त्याला हात देऊन वर घेतलं. भागोजीला बघण्यासाठी काळूरामला सगळी मान, सगळा खांदा डावीकडे वळवावा लागला, आणि ते अमिषाने आज पहिल्यांदा पाहिलं. भागोजीने गाडीतून यायला नको म्हटलं. सायकल हातात धरून, तिचं वाकडं चाक ओढत, तो गावाकडे निघाला.

तिघं परत गाडीत बसली. जो तो आपापल्या जागी. इंजिन चालूच होतं. काळूरामचे हात स्टिअरिंगवर होते.

अमिषाच्या डोळ्यांसमोर जेवणाचं ताट आलं. आईने फिरवलेलं. मग कोकिळाकाकूंची दोरी, टेम्पो, म्हशी; सगळं डावीकडचं. लिंबूपाणी घेऊन बरं झालेलं ते पित्त, जे पित्त नव्हतंच. पप्पांना डावीकडचं दिसत नव्हतं. आणि आईला ते ठाऊक होतं, आणि पप्पांनी ते तिला कळू नये म्हणून नळी कापली होती, आणि आपण पंप आणि उदबत्ती घेऊन ती पुन्हा जोडली होती. आज भागोजीकाका चिखलात पडले ते त्यांचं नशीब. गुरुवारी ही गाडी आपणच हौसेने घाटात धाडली असती.

"अमिषा," येसूबाई म्हणाली. ती समोर बघत होती. "तुझ्या ह्या एसीचं काय खरं न्हाय. वारा परत काचेवर जातंय."

अमिषाने आईकडे पाहिलं. समोरच्या जाळीतून वारा सुसाट येत होता. आईचा पदर खांद्यावरून उडत होता, घट्ट घातलेल्या अंबाड्यातून केस सुटून कपाळावर आले होते.

"असल्या उकाड्यात मना जमनार न्हाय बाबा," येसूबाई म्हणाली. "नलूला मी सांगते फोन करून. गाडी बिघडलीय बोलते. मग बघू पावसाल्यानंतर."

तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात वांगी चांगली नाहीत म्हणून परत आल्यासारखा. अमिषाला रडू फुटणार होतं. तिने ओठ आत घेतले.

"हो आई," ती म्हणाली. "अजून कुठेतरी गळतंय."

काळूरामने स्टिअरिंगवरून डावा हात काढला. तो हात येसूबाईच्या दिशेने गेला, तिच्या गुडघ्याला अडखळला, तिथून वर चाचपडत गेला आणि तिच्यासमोरच्या जाळीवर थांबला. वारा त्याच्या बोटांतून येत राहिला. त्याने हात काढला नाही.

"गार हाय, येसू," तो म्हणाला.

येसूबाईने उडणारा पदर खांद्यावर घट्ट धरला.

"नली मीच कापली." त्याने मागे न बघताच सांगितलं, अमिषाला. "तुझ्या मेहनतीचं मातेरं केलं पोरी. तुझ्या आयशीला तोंडानं सांगवेना."

"मना म्हाईत हाय," येसूबाई म्हणाली. "अडकित्ता सकाळी गाडीतून उचलून आनलाय मी."

काळूरामने इंजिन बंद केलं, चावी काढली आणि ती खांद्यावरून मागे धरली. अमिषाने ती घेतली. चावी घामाने ओली झाली होती.

तो उठला. दोन सीटांच्या मधून वाकून मागे आला आणि सोफ्यावर बसला, जिथे पूर्वी नट बसायचे. अमिषा पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसली. येसूबाईने डाव्या खिडकीतून हात बाहेर काढून दुमडलेला आरसा सरळ केला. काचेला तडा गेला होता, पण त्यात रस्ता दिसत होता.

"घरी घेऊ?" अमिषाने विचारलं.

"वाट रुंद झाली का फिरव," येसूबाई म्हणाली. "उद्या आधी अलिबागला, डोल्यांच्या डॉक्टरकडं. तो बोलंल तिथं जाऊ. मग नलूकडं. नलू काय पलून जातंय?"

काळूरामच्या तोंडून हसल्यासारखा एक आवाज निघाला, आणि मग तो तसा राहिला नाही. अमिषाने मागे वळून पाहिलं नाही. तिने इंजिन सुरू केलं. वारा परत समोरच्या जाळ्यांतून यायला लागला.

येसूबाई पुढच्या सीटवरून उठली आणि आधार घेत मागे गेली. इतक्या वर्षांच्या सवयीने ती नवऱ्याच्या डावीकडे बसायला लागली.

"तिकडं नको," काळूराम म्हणाला. "इकडं ये. उजव्या अंगाला बस."

ती त्याच्यासमोरून वळसा घालून आली आणि उजवीकडे बसली. गाडी बांधावरून हळूहळू पुढे निघाली. काळूराम तिच्याकडे बघत होता, आज सकाळपासून पहिल्यांदाच नीट.

"केस इस्कटले तुझे," तो म्हणाला.